अंबादासअण्णा आणि सरूबाईंचा फॉर्म

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी, सोलापूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून, दोन चहा आणि एक प्लेट भजी संपेपर्यंत मी अकरा घरं उभी केली. त्या घरांत माणसं राहायला आणली. त्यांना मुलं दिली, कामं दिली, मजुरी दिली. दोघांना दमाही दिला. यातल्या एकाही घरात मी पाऊल टाकलेलं नव्हतं.

मी तेव्हा मजुरीच्या एका सर्वेक्षणात फॉर्म भरायच्या कामावर होतो. आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. दरवर्षी संशोधन पद्धतीचं प्रकरण येतं आणि ‘माहिती प्रत्यक्ष भेटूनच गोळा करावी’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझ्या हातातला खडू मोडतो. विद्यार्थ्यांना वाटतं, सर फार जोर देऊन शिकवतात.

ही चूक मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. आता सांगतो आहे, कारण ती ज्यांच्यापासून लपवली ते अंबादासअण्णा गेल्या महिन्यात सोलापूर सोडून हैदराबादला लेकीकडे राहायला गेले. जाण्याआधी आमचं सगळं बोलणं झालं. छातीवरचा दगड उतरल्यावर माणूस जरा बडबडा होतो, तसं माझं झालं आहे.

अण्णांना पहिल्यांदा भेटणारा माणूस दचकतो. नमस्कार नाही, हवापाणी नाही. चष्म्याच्या वरून बघत ते विचारतात, “हातात किती?”

रिक्षावाल्याला विचारतात, देवळातल्या गुरवाला विचारतात, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारतात. एकदा कॉलेजात मला भेटायला आले आणि वाटेत आमचे प्राचार्य सापडले. प्राचार्य म्हणाले, “आम्हाला वेतन आयोगाप्रमाणे.” अण्णा म्हणाले, “ते बोलीचं झालं की ओ. कापून हातात किती पडतं?” प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, “हे गृहस्थ इन्कम टॅक्समधले आहेत का?”

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवं कापड पडल्यावर, वर दिवा लागल्यावर अण्णांनी शेजारी हत्यारं देणाऱ्या माणसाला विचारलं, “ठेकेदारामार्फत हाय का बाबा?” डॉक्टर म्हणाले, “अण्णा, बोलू नका, डोळा हलतो.” अण्णा म्हणाले, “बरं, मी गप्प बसतो. त्याला सांगू दे की.”

सोलापुरात मजुरीचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था होती. आता ती बंद पडली. तिथे मोठी माणसं जाड अहवाल लिहायची आणि त्यात घालायची माहिती अण्णा दारोदार फिरून आणायचे. हुद्दा अन्वेषक, तात्पुरता. असे तीस वर्षं तात्पुरते. जन्म विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी आणि ऑफिसात मराठी. चारही भाषांत त्यांनी जन्मभर तो एकच प्रश्न विचारला.

मी एम. ए. होऊन तिथे सहा महिन्यांसाठी लागलो तेव्हा अण्णांनी मला काम शिकवलं. त्यांचे नियम मला अजून पाठ आहेत. उभं राहून मजुरी विचारली की माणूस वाढवून सांगतो, खुर्चीवर बसून विचारली की कमी करून सांगतो, म्हणून त्याच्याबरोबर जमिनीवर बसायचं. मालक जवळ असताना तोंड उघडायचं नाही. ज्याचा फॉर्म भरायचा त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही, “चहा घेतला की उत्तर गोड येतंय.” घराला कुलूप असेल तर तीन वेळा जायचं, तेही वेगवेगळ्या वेळी, आणि मगच शेजारचं दार वाजवायचं.

सगळ्यांत मोठा नियम गोल आकड्याचा. पूर्ण शंभरात किंवा पन्नासात मजुरी सांगितली की अण्णा पेन्सिल खाली ठेवत. “गोल आकडा आला की समजायचं दत्तू, बाई कामात हाय आणि आपण दारात नको झालोय. उठायचं. उद्या यायचं.”

नियम ते स्वतःवरही चालवत. एकदा ऑफिसात आले ते अर्ध्या दाढीचे. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर वाळलेला साबण. सलूनमधला कारागीर दाढी करता करता आपली मजुरी सांगत होता. तेवढ्यात सलूनचा मालक आला. मालकासमोर बोलणं चालू ठेवलं असतं तर कारागिराला त्रास झाला असता. गप्प बसणंही अण्णांना जमेना. म्हणून ते फडकं काढून सरळ उठले. “उरलेली उद्या करू,” म्हणाले.

“उरलेली काय, अण्णा? दाढी?”

“मुलाखत बे.”

माझ्या लग्नात ते मांडवात दिसेनात. शोधलं तर मागच्या बाजूला वरातीत डोक्यावर दिवे धरणाऱ्या बायकांबरोबर जमिनीवर बसले होते. मंगलाष्टकं संपल्यावर सगळे अक्षता टाकायला आले, अण्णा कागद घेऊन आले. माझ्या कानात म्हणाले, “तुझ्या लग्नात दिवेवाल्या बायकांचं जेवण मजुरीत धरलंय. बरोबर न्हाई. जेवण वेगळं पाहिजे.” माझे सासरे शेजारीच होते. त्यांना वाटलं, सरकारी माणूस आहे. त्यांनी बायकांचे पैसे तर वाढवून दिलेच, वर अण्णांना नारळ आणि टॉवेल दिला. अण्णांनी नारळ दिवेवाल्यांना दिला आणि टॉवेलने घाम पुसला.

आता माझ्या अकरा घरांकडे येतो.

घरी बसून काम करणाऱ्या बायकांच्या मजुरीचं सर्वेक्षण चाललं होतं. विड्या वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, सूत उकलणाऱ्या. माझ्या वाट्याला भवानी पेठेतल्या गल्ल्या आल्या होत्या. मे महिना होता. शेवटची अकरा घरं राहिली. काहींना कुलूप, काहींनी दारातूनच हात जोडले. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचे होते आणि त्याच दिवशी माझी कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत होती. मी ऊन बघितलं, घड्याळ बघितलं आणि हॉटेलात जाऊन बसलो.

दहा फॉर्म भराभर झाले. अकराव्याला मात्र डोकं चालेना. आठ पानांचा फॉर्म, किती खोटं लिहिणार? मग मी एक सोपा रस्ता धरला. मला पाठ असलेली एक बाई लिहून काढली. वय, मुलं, पानं भिजवायची वेळ, सुपात तंबाखू घेऊन बसायची वेळ, कारखान्यात विड्या देताना ‘छाट’ म्हणून किती बाजूला काढून फुकट ठेवून घेतात, सूत स्वतःच्या पैशानं किती आणावं लागतं. सगळं नेमकं. फक्त नाव बदललं. सरूबाई. पत्ता भवानी पेठेतल्या एका कुलूपबंद घराचा टाकला.

ती बाई माझी आई होती.

आम्ही राहायचो गावाच्या दुसऱ्या टोकाला, होटगी रस्त्याला. वडील गेल्यावर आईनं विड्या वळून मला एम. ए. केलं. ऑफिसात मात्र कुणी विचारलं की मी सांगायचो, “आई घरीच असते.” ते खोटं नव्हतं. ती घरीच असायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सुपावर वाकलेली.

सर्वेक्षणाला लागलो तेव्हा घरी मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं होतं. कसा फॉर्म असतो, अण्णा कसे बायकांबरोबर खाली बसून विचारतात. आईचे हात थांबले नाहीत, पण ती म्हणाली, “मग तुज्या सायबाला हितं बी घिऊन ये की. मला कुनी कदी न्हाय इचारलं. येऊ दे, बसू दे जरा.” मी म्हटलं, साहेब फार कामात असतात.

फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना असतो. तो रिकामा सोडला तर अण्णा रागवत. त्या दुपारी तिथे काहीतरी लिहायचं म्हणून मी लिहिलं: ‘बाई म्हणतात, मला कधी कोणी विचारलं नाही. पुन्हा या.’

आठवड्यानं अण्णांनी मला बोलावलं. अकरा फॉर्मांपैकी एकच त्यांच्यापुढे होता.

“दत्तू, ही सरूबाई लई भारी बाई हाय बे.”

“हो,” मी म्हटलं.

अण्णांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. “इतक्या वर्षांत मला कुणी ‘पुन्हा या’ म्हणालं न्हवतं. ‘कधी जाणार’ म्हणायचे. आपण जायाला पाहिजे की.”

आणि ते गेले. अर्थातच कुलूप. नियमाप्रमाणे तीन वेळा गेले. नंतर नियम संपला, पण अण्णा जात राहिले. मला कॉलेजातली नोकरी लागली, मी संस्था सोडली. वाटलं, सुटलो. पण वर्षातून दोन-तीनदा अण्णांची सायकल कॉलेजच्या फाटकात यायची आणि स्टाफरूमच्या दारातून आवाज यायचा, “दत्तू, तुझी सरूबाई अजून सापडली न्हाई बे.”

अण्णांना सोलापुरात तीन सरूबाई सापडल्या. पहिली फार म्हातारी आणि बहिरी होती. तिला वाटलं, पेन्शनचं काम आहे. तिनं दहा कागदांवर अंगठे उठवून दिले. दुसरीनं पूर्ण मुलाखत दिली आणि शेवटी अण्णांच्या लेकीसाठी आपला भाचा सुचवला. तिसरी हातात खराटा घेऊन बाहेर आली, कारण तिच्या दारात वसुलीवाले येत. तिच्याबद्दल अण्णा आदरानं सांगत, “मारला न्हाई. नुसता उगारला.”

एकदा त्यांनी मला थेट विचारलं, “तिनं माहेर कुठलं सांगितलंतं का?” मी गडबडलो. तोंडाला येईल ते बोललो, “वळसंग.” दुसऱ्याच रविवारी अण्णा वळसंगला गेले. सायकलवरून. ऐन उन्हात. गावभर फिरले, सरूबाई कुणालाच माहीत नव्हती. येताना ऊन लागलं. दोन दिवस सलाइन. मी दवाखान्यात संत्री घेऊन गेलो तेव्हा म्हणाले, “गाव चांगलं हाय. खुरपणीला बायकांना पुरुषांपेक्षा कमी देतात, ते लिहून आणलंय.”

मी संत्री सोलत राहिलो. तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधी नोकरी पक्की व्हायची होती, मग पीएच. डी. व्हायची होती. नंतर तर काहीच व्हायचं राहिलं नव्हतं, फक्त उशीर फार झाला होता.

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. “रविवारी लेक न्यायला येतीय. ये जरा शनिवारी.”

त्यांच्या साखर पेठेतल्या दोन खोल्यांत मी किती वर्षांनी गेलो होतो. भांड्यांचं एक पोतं, कपड्यांची एक बॅग आणि पाच खोकी. खोक्यांत फॉर्म. संस्था बंद पडली तेव्हा रद्दीत चाललेले फॉर्म अण्णांनी घरी आणून ठेवले होते. आता एका कॉलेजनं ते ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. अण्णा सुतळी बांधत बसले होते. भिंतीवर अण्णांच्या बायकोचा, काकूंचा, फोटो होता. काकू त्या सर्वेक्षणाच्याच वर्षी गेल्या.

टेबलाच्या काचेखाली, जिथे लोक देवाचं किंवा नातवाचं चित्र ठेवतात, तिथे आठ पानांचा एक फॉर्म होता. अक्षर माझं होतं.

अण्णांनी काच उचलली, फॉर्म काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माझ्यापुढे धरला.

“सगळे बंद केले. एक उघडा राहिला. हा तू ठेव. तुला तिचा चेहरा माहीत हाय. कुटं दिसली तर सांग, आमचे अण्णा येणार होते, लई वेळा येऊन गेले म्हणाव.”

फॉर्म मला हातात धरवेना.

“अण्णा, मी त्या दिवशी भवानी पेठेत गेलोच नव्हतो. ते अकरा फॉर्म मी हॉटेलात बसून भरले.”

अण्णा सुतळीची गाठ मारत होते. गाठ मारून झाली. दातांनी सुतळी तोडली.

“दहा,” ते म्हणाले.

“काय?”

“दहा खोटे व्हते. माहीत हाय मला. सगळे आकडे गोल. एका बाईला तर तू दोन जागी दोन वयं दिलीस बे. त्याच आठवड्यात मी दहाही घरं पुन्हा केली आणि तुझे काढून माझे लावले.”

मी भिंतीला टेकलो. बावीस वर्षं मी समजत होतो की माझ्यामुळे एक आख्खा अहवाल सडका झाला. तो धडधाकट होता. ज्या उन्हाला भिऊन मी हॉटेलात बसलो, त्या उन्हात अण्णा फिरले होते.

“मग मला बोलला का नाहीत?”

“तुझी मुलाखत झालती की. नोकरी लागणार हे दिसत व्हतं. आणि अकरातला एक खरा व्हता. मी म्हणलं, एका घरी तरी गेला ना पोरगा. पुढं दोन घरी जाईल.” त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला आणि मजुरीच्या रकान्यावर बोट ठेवलं. “हे बघ. छाट वजा, सूत वजा, खाली पैशापर्यंत. असला आकडा कुणाला सुचत न्हाई. हा मी मोजणीत धरला न्हाई, दुसरी भेट झाली न्हाई म्हणून. पण हा खरा हाय.”

“खरा आहे, अण्णा. बाई खरी आहे. नाव आणि पत्ता खोटा आहे.”

“कोण हाय मग?”

“माझी आई.”

अण्णा खोक्यावर बसले. खोकं थोडं दबलं. त्यांनी फॉर्मचं पहिलं पान उलटलं. मग म्हणाले, “आणि वळसंग?”

“तिचं माहेर.”

“अयो! म्हणजे मी बरोबर गावात गेलतो की!” क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग तो हळूहळू विझला. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकानं पुसला. “बावीस वर्षं, बे,” एवढंच म्हणाले.

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्यासाठी तयार होऊन उभा होतो. अण्णांनी चष्मा घातला आणि विचारलं, “आई हाय का अजून?”

“आहे.”

“ह्या वेळी झोपते?”

“नाही.”

ते उठले. खुंटीवरची पिशवी घेतली, फॉर्मखाली पॅड लावलं, पेन्सिल कानावर ठेवली. “चल.”

आई दारातच शेंगा सोलत बसली होती. आता ती विड्या वळत नाही. बोटं वळत नाहीत. मी म्हटलं, “आई, हे अंबादासअण्णा.”

तिनं वर बघितलं. “म्हंजी ते सायब? खाली बसून इचारतात ते?”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

“लई कामात असता म्हनं तुमी.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी चपला नीट लावायला लागलो.

“असतो की,” अण्णा म्हणाले. “आज जरा रिकामा झालो.”

मी खुर्ची आणली. अण्णांनी ती बाजूला सारली आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी, एक हात चौकटीला, एक माझ्या खांद्याला लावून, टप्प्याटप्प्यानं जमिनीवर बसले. आई म्हणाली, “च्या टाकते.” अण्णा म्हणाले, “आधी फॉर्म.”

मग त्यांनी तेव्हाचं विचारायला सुरुवात केली. किती वाजता बसायची, किती वाजता उठायची, पाठ कधी दुखायला लागली. आई शेंगा सोलत सांगत होती. शेवटी अण्णांनी विचारलं, “हातात किती पडायचं?” आईनं डोळे मिटले. छाट वजा केली, सूत वजा केलं, एक आकडा सांगितला. अण्णांनी माझ्या जुन्या अक्षरातला आकडा बघितला आणि पॅड माझ्याकडे वळवलं. पैशाचाही फरक नव्हता.

“झालं,” अण्णा म्हणाले.

“काय झालं? माजं झालं,” आई म्हणाली. “तुमाला किती पडायचं?”

अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली होती, ती पुन्हा काढली. “मला?”

“तुमालाच. दिसभर उनात हिंडून लोकाला इचारायचा. तुमाला हातात किती?”

अण्णा हसले, मान हलवली आणि चटकन एक आकडा सांगितला. पूर्ण शंभरात. गोल.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी गोल आकडा ऐकत होतो.

आईनं शेंगा खाली ठेवल्या. “असा कुटं पडतो कुनाला? कापून किती?”

अण्णा बोटांवर मोजायला लागले. सायकलचं पंक्चर स्वतःचं. पेन्सिली स्वतःच्या. बाहेरगावी गेलं की जेवण स्वतःचं. आणि रविवार. रविवार संस्थेच्या हिशेबात नव्हतेच.

“रईवारी कशाला जायचा?” आईनं विचारलं.

“घरात कोण न्हवतं ओ मग,” अण्णा म्हणाले. “बायको व्हती तवर संध्याकाळी विचारायची, आज कुणाकडं गेलतात, काय म्हणाली ती. सगळं ऐकायची. ती गेली. त्याच महिन्यात ह्याचा फॉर्म आला. त्यात लिहिलेलं, पुन्हा या.”

आईनं सोललेल्या शेंगदाण्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली आणि आत जाऊन चहा टाकला. अण्णांनी कप घेतला तेव्हा मी न राहवून म्हटलं, “अण्णा, चहा?”

“फॉर्म संपला की,” ते म्हणाले. “आता मी पाहुणा हाय.” आणि बशीत ओतून, फुर्र आवाज करत, त्यांनी तो सगळा प्यायला. दुसराही घेतला.

जाताना त्यांनी पॅड माझ्या मांडीवर ठेवलं. “नाव दुरुस्त कर. आणि शेरा लिही. दुरुस्ती का केली ते लिहावं लागतंय, तुला माहीत हाय.”

मी ‘सरूबाई’वर आडवी रेघ मारली आणि वर आईचं नाव लिहिलं. हिराबाई. शेऱ्याच्या रकान्यात, ‘पुन्हा या’च्या खाली, बोटभर जागा उरली होती. तेवढ्या जागेत मी बारीक अक्षरात लिहिलं. पेन्सिल दोनदा थांबली. अण्णा बघत होते, पण वाचत नव्हते.

आईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं विचारलं, “काय लिवलंस एवढं?”

“काही नाही, दुरुस्ती.”

“वाचून दाव की.”

अण्णा म्हणाले, “वाच बे. उत्तर देणाऱ्याला वाचून दाखवायचं असतंय.”

मग मी वाचलं. “नाव अन्वेषकानं मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं. अन्वेषकाला तेव्हा आईच्या कामाची लाज वाटत होती. अण्णांना तो बावीस वर्षं खोट्या पत्त्यावर हिंडवत राहिला. आई, माझं चुकलं. अण्णा, माझं चुकलं. मला माफ करा.”